३१ समान भागांच्या सप्तकासाठी स्वरलेखन: पाच रेषा ठेवाव्यात की नवी लिपी आखावी?

प्रश्न: अर्धतीव्र

नमस्कार. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेट या चार वाद्यांसाठी मी एक रचना लिहीत आहे. तिच्यात सप्तकाचे १२ ऐवजी ३१ समान भाग केले आहेत, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधले अंतर सुमारे ३८.७ सेंट (सप्तकाचा १२०० वा भाग म्हणजे एक सेंट) येते. ही विभागणी निवडण्याचे कारण असे की तिच्यातला मेजर थर्ड, म्हणजे षड्ज-गांधाराचे अंतर, ३८७.१ सेंटचे आहे आणि कंपनसंख्यांच्या ५:४ या शुद्ध गुणोत्तराचे अंतर ३८६.३ सेंट आहे. एका सेंटपेक्षाही कमी फरक कानाला जाणवत नाही, आणि माझ्या रचनेतील संथ, लांबलेले स्वरमेळ याच शुद्धतेवर उभे आहेत.

संगीत बरेचसे ठरले आहे. वादकांच्या समोर कागद कोणत्या रूपात ठेवावा हे मात्र ठरत नाही. एक विचार असा की रेषा वाढवाव्यात, म्हणजे ३१ पैकी प्रत्येक स्वराला स्वतःची जागा मिळेल आणि शार्प-फ्लॅट (स्वर चढवणारी आणि उतरवणारी चिन्हे) लिहावेच लागणार नाहीत. दुसरा विचार असा की हुलियान कारियो या मेक्सिकन संगीतकाराने सप्तकाच्या ९६ भागांसाठी जसे आकडे वापरले, तसे ० ते ३० हे आकडे वापरावेत. तिसरा पर्याय म्हणजे नेहमीच्या पाच रेषा, बाणांची चिन्हे आणि प्रत्येक स्वरावर सेंटचा आकडा. यांपैकी कोणता मार्ग वादकांना सर्वांत कमी अडखळवेल?

आणखी एक प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. यानंतरची रचना मला केवळ तंतुवाद्यांसाठी आणि शुद्ध गुणोत्तरांत करायची आहे. दोन्हींसाठी एकच स्वरलिपी आखता आली तर वादकांना एकदाच शिकावे लागेल. हे शक्य आहे का?

उत्तर: पंचमसाखळी

नवी लिपी आखायला घेण्यापूर्वी जुनी लिपी या ३१ स्वरांना कशी सामावून घेते हे मांडून पाहावे. पाच रेषांची लिपी १२ स्वरांसाठी घडलेली आहे असा समज सर्वत्र आढळतो, परंतु तो बरोबर नाही. तिच्या मुळाशी पंचमांची साखळी आहे: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी हे सात स्वर एकेका पंचमाने चढत जातात, साखळी पुढे वाढवली की शार्प मिळत जातात आणि मागे वाढवली की फ्लॅट. सी-शार्प आणि डी-फ्लॅट हे एकच स्वर आहेत असे लिपी कुठेही सांगत नाही. ते १२ समान भागांच्या जुळणीमुळे एकत्र आले. म्हणूनच वेगळ्या विभागणीसाठी लिपी निवडताना पहिला हिशोब पंचमाचा करायचा असतो.

तुमच्या विभागणीत पंचम १८ पायऱ्यांचा आहे. त्यावरून पूर्ण स्वरांतर ५ पायऱ्यांचे निघते, ई-एफ आणि बी-सी ही लहान अंतरे ३ पायऱ्यांची निघतात, आणि पाच मोठी व दोन लहान अंतरे मिळून बरोबर ३१ पायऱ्या होतात. शार्प म्हणजे २ पायऱ्या वर, फ्लॅट म्हणजे २ पायऱ्या खाली. म्हणजे शार्पचा अर्धा भाग नेमका एका पायरीचा आहे, आणि अर्धशार्प व अर्धफ्लॅट यांची चिन्हे पाव स्वरांच्या संगीतासाठी केव्हाच रूढ झालेली आहेत. आता सीपासून डीपर्यंत चढून पाहा: सी, सी-अर्धशार्प, सी-शार्प, डी-फ्लॅट, डी-अर्धफ्लॅट, डी. एकही जागा रिकामी राहत नाही आणि एकाही स्वराला दोन नावे पडत नाहीत. दोन नावे पडतात ती केवळ लहान अंतरांमध्ये. तिथे ई-अर्धशार्प म्हणजेच एफ-फ्लॅट, आणि ई-शार्प म्हणजेच एफ-अर्धफ्लॅट. बी आणि सी यांच्यामध्येही तसेच. सात अक्षरे, प्रत्येकाची पाच रूपे, अशी ३५ नावे होतात. त्यांतली चार दुहेरी वजा केली की ३१ उरतात. नव्याने काहीही आखावे लागत नाही.

इथे एक गोष्ट मात्र वादकांना आवर्जून सांगावी लागेल. तुमच्या विभागणीत सी-शार्प डी-फ्लॅटपेक्षा खाली आहे. पियानोच्या सवयीने दोन्ही एकच मानणारा वादक इथे एका पायरीने चुकेल, आणि व्हायोलिनवर शार्प नेहमी वर ओढून वाजवण्याची सवय असलेला वादक तर उलट्या दिशेने चुकेल. त्यामुळे शार्प लिहायचा की फ्लॅट, ही निवड इथे लेखकाच्या सोयीची उरत नाही. सातव्या स्वरांशाचेच, म्हणजे मूळ स्वराच्या सातपट कंपनसंख्येच्या उपस्वराचेच, उदाहरण घ्या. ७:४ हे गुणोत्तर ९६८.८ सेंटचे आहे आणि तुमच्या विभागणीत २५ पायऱ्यांचा स्वर ९६७.७ सेंटवर येतो, म्हणजे जवळजवळ तोच. सीपासून २५ पायऱ्या मोजल्या की ए-शार्प येतो, बी-फ्लॅट नव्हे. बी-फ्लॅट एक पायरी वर, २६ वर आहे. सवयीने बी-फ्लॅट लिहिलात तर ज्या शुद्धतेसाठी ही विभागणी निवडली तीच हातची जाईल.

वाढीव रेषांचा पर्याय मी सोडून देईन. वादक स्वर एकेक करून वाचत नाही. तो रेषेवरून रेषेवर पडलेल्या तिहेरी स्वरमेळाचा आकार एका नजरेत ओळखतो, आणि ३१ जागांच्या पटावर हे ओळखीचे आकार नाहीसे होतात. आकड्यांबद्दलही माझे तेच मत आहे. एकाच वाद्याला आयुष्य वाहून घेणाऱ्या वादकासाठी आकडे उत्तम आहेत, परंतु चार वेगवेगळ्या वाद्यांना एकत्र बसवायचे असेल तर ओळखीच्या लिपीतला लहानसा बदल नेहमीच जास्त चालतो.

हा सोपेपणा प्रत्येक विभागणीत मिळेल असे मात्र समजू नये. २२ समान भागांमध्ये पंचम १३ पायऱ्यांचा, पूर्ण स्वरांतर ४ पायऱ्यांचे, ई-एफ केवळ १ पायरीचे आणि शार्प तब्बल ३ पायऱ्यांचा होतो. तीनचा अर्धा होत नाही, त्यामुळे अर्धशार्प निरुपयोगी ठरतो. शिवाय सी-शार्प डी-फ्लॅटच्या वर दोन पायऱ्या जाऊन बसतो. तिथे 'एक पायरी वर' आणि 'एक पायरी खाली' असे सांगणारे स्वतंत्र बाण लागतात.

उत्तर: मंद्र

मी चेलो वाजवतो आणि अशा रचना वाजवण्याचा अनुभव आहे, म्हणून वादकाच्या खुर्चीतून दिसणारी बाजू मांडतो. वर सांगितलेला हिशोब मला पटतो, परंतु तो कागदावर उतरवताना चिन्हाचा आकार हा दुय्यम प्रश्न राहत नाही.

वादक पानापासून हातभर किंवा त्याहून दूर बसतो, आणि कित्येकदा दोघांत एकच पान असते. त्या अंतरावरून अर्धशार्पचे चिन्ह, ज्यात शार्पच्या दोन उभ्या दांड्यांपैकी एकच असते, नेहमीच्या शार्पपासून सहज वेगळे ओळखू येते. उलटा फ्लॅट मात्र घाईत साध्या फ्लॅटसारखा दिसतो. त्यामुळे अर्धफ्लॅटसाठी उलट्या फ्लॅटऐवजी दांडीवर आडवी रेघ असलेला फ्लॅट वापरावा असे मी सुचवेन. अरबी संगीताच्या छापील नोटेशनमध्ये तो रुळलेला आहे आणि नजरेला लगेच सापडतो. ज्यांच्यातला फरक केवळ एका बारीक टोकावरून कळतो, अशी चिन्हे जलद लयीच्या पानावर घालू नयेत. निकोला व्हिचेन्तिनो या इटालियन संगीतकाराने १५५५ च्या ग्रंथात सूक्ष्म चढ दाखवण्यासाठी स्वराच्या डोक्यावर टिंब दिले होते. ती योजना सुबक आहे, परंतु आज डोक्यावरचे टिंब दिसले की प्रत्येक वादक तो स्वर तोडून वाजवेल.

दुसरा मुद्दा चिन्हाच्या मुदतीचा. नेहमीच्या नियमानुसार शार्प किंवा फ्लॅट त्या मापाच्या शेवटापर्यंत लागू राहतो. सूक्ष्मस्वरी रचनेत एकाच मापात सी, सी-अर्धशार्प आणि सी-शार्प असे तिन्ही येऊ शकतात, आणि तेव्हा वादकाला प्रत्येक वेळी मागे पाहावे लागते. प्रत्येक स्वराआधी त्याचे चिन्ह पुन्हा लिहावे, लगेच पुन्हा येणारा तोच स्वर तेवढा वगळावा, आणि हा नियम पहिल्या पानावर स्पष्ट छापावा. पान थोडे गजबजेल, परंतु तालमीतले प्रश्न खूप कमी होतील.

सेंटच्या आकड्यांविषयी माझे मत असे की ते असावेत, पण प्रत्येक स्वरावर नसावेत. वाजवताना कोणीही 'वजा १४' असे वाचून बोट ठेवत नाही. बोट ठेवले जाते ते शेजारचा स्वर आणि खाली चाललेला आधारस्वर कानाने ऐकून. घरी एकट्याने ट्यूनर लावून बसताना मात्र आकडा फार उपयोगी पडतो. म्हणून लांबलेल्या स्वरांवर, प्रवेशाच्या पहिल्या स्वरावर आणि आधाराविना येणाऱ्या उडीवर आकडा द्यावा. त्याहून उपयोगी म्हणजे 'हा स्वर व्हायोलाच्या जी स्वरावर शुद्ध गांधार म्हणून जुळवा' अशी छोटी सूचना. ती वाचली की हात आपोआप योग्य जागी जातो.

खुल्या तारांचा विचार केला आहे का? आम्ही तारा शुद्ध पंचमाने, ७०२ सेंटने, जुळवतो. तुमचा पंचम ६९६.८ सेंटचा आहे. चेलोच्या ए तारेपासून खाली तीन पंचम उतरत सी तारेपर्यंत आलो की ती तुमच्या सीपेक्षा सुमारे साडेपंधरा सेंट खाली राहते, आणि खुल्या तारेवर बोटाने दुरुस्ती करता येत नाही. एक तर तारा किंचित आखूड पंचमांनी जुळवण्याची सूचना द्यावी, नाही तर लांबलेल्या स्वरमेळात खुली सी तार टाळावी. कितीही काटेकोर लिपी केली तरी हा प्रश्न चिन्हांनी सुटत नाही.

लिपीने सगळेच सांगितले पाहिजे हा आग्रह मला अनाठायी वाटतो. भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ एवढ्यावर काम भागते; रागानुसार कोमल गांधार किती उतरलेला हवा हे गाणाऱ्याच्या तालमीत असते, कागदावर नसते. तुर्की मकामातही (तिथल्या रागासारख्या स्वरचौकटींतही) सप्तकाचे ५३ कॉमा मानून १, ४, ५ आणि ८ कॉमांची चिन्हे ठरली आहेत, तरीही उश्शाक मकामाचा दुसरा स्वर वादक लिहिल्यापेक्षा उतरता घेतात. तुमच्या रचनेमागे अशी परंपरा नाही, त्यामुळे तुम्हाला त्यांच्यापेक्षा अधिक लिहावे लागेल. पण कानावर सोडता येईल तेवढे कानावर सोडावे.

उत्तर: गुणोत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत ३१ भागांचा प्रश्न सुटला आहे, त्यामुळे मी शुद्ध गुणोत्तरांच्या रचनेविषयी लिहितो. दोन्हींसाठी एकच लिपी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ३१ भागांत चार पंचम चढून मिळणारा ई आणि ५:४ चा ई हे एकच असतात. शुद्ध गुणोत्तरांत ते ८१:८० या अंतराने, म्हणजे २१.५ सेंटने, वेगळे पडतात. जिथे पहिल्या लिपीला एक नाव पुरते, तिथे दुसरीला दोन लागतात. तीच चिन्हे दोन अर्थांनी वापरली तर वादकाने पहिल्या रचनेत कमावलेली सवय दुसऱ्या रचनेत आड येईल.

शुद्ध गुणोत्तरांसाठी ज्या दोन पद्धती सर्वाधिक अभ्यासल्या जातात, त्यांच्यातला भेद समजून घेण्यासारखा आहे, कारण तो चिन्हांच्या रूपाचा नाही. कोणतेही चिन्ह नसलेला, उघडा लिहिलेला स्वर कशाचा वाचक आहे, या प्रश्नाला त्या दोन वेगळी उत्तरे देतात.

अमेरिकन संगीतकार बेन जॉन्स्टन यांच्या पद्धतीत चिन्हाविना लिहिलेले सात स्वर म्हणजे शुद्ध मेजर सप्तक. एफ-ए-सी, सी-ई-जी आणि जी-बी-डी हे तिन्ही स्वरमेळ ४:५:६ या प्रमाणात गृहीत धरलेले असतात, त्यामुळे सी मेजरमधले पान अगदी स्वच्छ दिसते. पण डी ते ए हा पंचम त्यात ४०:२७ चा, म्हणजे ६८०.४ सेंटचा होतो. तो शुद्ध हवा असेल तर ए पुढे अधिक चिन्ह द्यावे लागते, आणि ते चिन्ह स्वराला ८१:८० ने चढवते. आता व्हायोला हातात घ्या. तिच्या खुल्या तारा सी, जी, डी, ए अशा शुद्ध पंचमांनी जुळलेल्या आहेत, पण या पद्धतीत चौथी तार 'ए अधिक' अशी लिहावी लागते. व्हायोलिनवर ए आणि ई या दोन्ही तारांना अधिक चिन्ह लागते. ज्या स्वरांवर वादक डोळे मिटून विसंबतो, नेमके तेच चिन्हांकित होतात.

मार्क साबात आणि वोल्फगांग फॉन श्वाइनिट्झ यांनी घडवलेली विस्तारित हेल्महोल्ट्झ-एलिस पद्धत उलट बाजूने सुरुवात करते. तिच्यात उघडे स्वर, शार्प आणि फ्लॅट म्हणजे शुद्ध पंचमांची साखळी. त्यामुळे तंतुवाद्यांच्या सर्व खुल्या तारा चिन्हाविना लिहिल्या जातात आणि ५:४ च्या ई ला खालच्या दिशेचा बाण मिळतो. सातव्या स्वरांशासाठी ६४:६३ चे, अकराव्यासाठी ३३:३२ चे, अशी पुढच्या प्रत्येक मूळ संख्येसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती एकापुढे एक जोडता येतात. चिन्ह पाहताच वादकाला कळते की हा सातव्याच्या कुळातला स्वर आहे आणि तो कशाशी जुळवून ऐकायचा आहे. मंद्र यांनी जी 'व्हायोलाच्या जी स्वरावर जुळवा' ही सूचना सुचवली, तिचे अर्धे काम इथे चिन्हच करते.

तुमची दुसरी रचना तंतुवाद्यांसाठी असल्यामुळे मी दुसरी पद्धत निवडेन. जॉन्स्टन यांची पद्धत कमी दर्जाची आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. संगीत एका केंद्राभोवती फिरत असेल तर तिच्यातले पान अधिक मोकळे राहते. पण तुमच्या वादकांच्या तारा पंचमांनी जुळलेल्या आहेत, आणि लिपीचे शून्य तिथेच ठेवलेले बरे.

अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च यांनी ४३ स्वरांसाठी प्रत्येक वाद्याला वेगळे, हाताच्या हालचाली सांगणारे लेखन दिले होते. त्यांची वाद्ये त्यांनी स्वतः घडवलेली असल्यामुळे ते उचितच होते. तुमच्या चौकडीत मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचा पार्ट वाचता आला पाहिजे.

अर्धतीव्र

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिली रचना पाच रेषा, अर्धशार्प आणि रेघ असलेला अर्धफ्लॅट यांत लिहीन, आणि दुसरीसाठी हेल्महोल्ट्झ-एलिस पद्धत वापरीन. सातव्या स्वरांशाच्या जागी मी बी-फ्लॅट लिहिले होते, ते सर्व ए-शार्प करतो आहे. दोन शंका उरल्या आहेत. ही चिन्हे संगणकावर छापताना काय काळजी घ्यावी, आणि क्लॅरिनेटचा पार्ट एका पूर्ण स्वराने वर लिहावा लागतो तेव्हा या चिन्हांचे काय होते?

उत्तर: छापील पान

चिन्हांची उपलब्धता ही आता अडचण राहिलेली नाही. २०१३ पासून स्मफल नावाची फॉन्टरचनेची सामाईक मांडणी अस्तित्वात आहे. तिच्यात पाव स्वरांची स्टाइन-झिमरमान चिन्हे, अरबी, तुर्की आणि इराणी चिन्हे, हेल्महोल्ट्झ-एलिस आणि सॅजिटल अशा सर्व संचांना ठरलेल्या जागा दिलेल्या आहेत. ब्राव्हुरा हा तिच्याबरोबरच आलेला मोफत फॉन्ट ती सर्व दाखवतो. चिन्ह स्वतः चित्र म्हणून काढून पानावर चिकटवू नये. फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडताच ते जागचे हलते किंवा नाहीसे होते.

चिन्ह दिसणे आणि ते योग्य वाजणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक प्रोग्राम अर्धशार्पला ५० सेंट समजतात, कारण ते त्याला पाव स्वर मानतात, तुम्हाला ३८.७ हवे आहेत, आणि तुमचा शार्पसुद्धा १०० ऐवजी ७७.४ सेंटचा आहे. डोरिको या स्वरलेखनाच्या प्रोग्रामच्या प्रो आवृत्तीत सप्तकाचे भाग आणि प्रत्येक चिन्हाच्या पायऱ्या स्वतः ठरवता येतात, त्यामुळे तिथे ऐकून तपासणे सोपे जाते. इतरत्र मिडीच्या (संगणक आणि वाद्ये यांच्यातल्या संदेशपद्धतीच्या) पिच-बेंडने, म्हणजे स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याच्या आज्ञेने, काम करावे लागते. त्याची नेहमीची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वरांची असते आणि तीत १६३८४ पायऱ्या असतात, म्हणजे सूक्ष्मता हवी तेवढी मिळते. पण बेंड संपूर्ण चॅनलला लागू होतो, म्हणून चारही वाद्ये वेगळ्या चॅनलवर ठेवावीत आणि एका वाद्यावर दोन तारा एकत्र वाजत असतील तर त्यांनाही स्वतंत्र चॅनल द्यावेत. म्युझिक-एक्सएमएल या प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या स्वरूपातून फाइल पाठवताना स्वराचा बदल दशांशात लिहिता येतो, परंतु तो अर्धस्वरांत मोजला जातो, त्यामुळे पलीकडचा प्रोग्राम त्याचा काय अर्थ लावतो हे उघडून पाहावेच.

क्लॅरिनेटच्या बाबतीत तुमची निवड फार सोयीची ठरली आहे. अक्षरांवर आणि पंचमसाखळीवर आधारलेली लिपी स्वरांतरासह सरळ सरकते: ऐकू येणारा सी-अर्धशार्प पार्टमध्ये डी-अर्धशार्प होतो, एफ-फ्लॅट जी-फ्लॅट होतो, चिन्हे तीच राहतात. हेल्महोल्ट्झ-एलिसमध्येही तसेच घडते. जॉन्स्टन यांच्या पद्धतीत ९:८ ने वर सरकताना सी चा डी होतो, पण डी चा 'ई अधिक' करावा लागतो, कारण तिच्यातले डी ते ई हे अंतर १०:९ चे आहे.

सेंटचे आकडे मात्र सरकवू नयेत, आणि इथे चूक हमखास होते. तुमचा संदर्भस्वर ऐकू येणारा ए असेल, तर तुमच्या विभागणीतला सी नेहमीच्या सीपेक्षा सुमारे १० सेंट वर असतो आणि डी सुमारे ३ सेंट वर. क्लॅरिनेटवादकाला ऐकू येणाऱ्या सी साठी पार्टमध्ये डी लिहिलेला दिसेल. त्या डीवर 'अधिक १०' असेच छापले पाहिजे, कारण त्याच्या वाद्यातून निघणारा स्वर सी आहे. प्रोग्रामने पार्टमधल्या अक्षरावरून आकडा काढला तर तो 'अधिक ३' छापेल, आणि स्वरमेळ सात सेंटने खाली बसेल. आकडे मूळ ध्वनीच्या स्कोअरवर एकदाच काढावेत आणि पार्टमध्ये साधा मजकूर म्हणून जसेच्या तसे उतरवावेत. ट्यूनर ध्वनीचे नाव दाखवतो की पार्टमधले, हेही वादकाला पहिल्याच तालमीत विचारून घ्यावे.